सातेरी माश्यांना शहर मानवते की शिवार? सांगली-साताऱ्यातील मधपाळांना एक प्रश्न

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. विश्रामबाग भागात आमचे घर आहे आणि गच्चीवर सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांची एक पेटी ठेवलेली आहे. दुसरी पेटी वाळवा तालुक्यात, नदीकाठच्या मळ्यात, माझ्या मेहुण्यांकडे होती. दोन्ही वसाहती एकाच मधपाळाकडून एकाच वेळी आणलेल्या असल्यामुळे त्यांच्यात मूळचा काही फरक असेल असे वाटत नाही. मोकळी हवा, विहिरीचे पाणी आणि चहूकडे हिरवे शिवार असल्यामुळे मळ्यातील पेटी जोमाने वाढेल आणि गच्चीवरची कशीबशी तग धरेल, असा घरातील सर्वांचा अंदाज होता. घडले नेमके उलटे. मळ्यातील वसाहत दिवाळीनंतर हळूहळू रोडावत गेली. फेब्रुवारीत पेटी उघडली तेव्हा पिलावा (पोळ्यातील अंडी-अळ्या) विरळ, ठिगळे लावल्यासारखा होता, परागाने भरलेली घरे जवळपास नव्हतीच आणि कडेच्या पोळ्याला मेणकिड्याची, म्हणजे पोळे खाणाऱ्या अळीची, जाळी धरली होती. मार्चमध्ये उरल्यासुरल्या माश्याही पेटी सोडून निघून गेल्या.

गच्चीवरच्या माश्या मात्र पायांवर पिवळा, केशरी, राखाडी, कधी हिरवट असा नाना रंगांचा पराग घेऊन येतात. मळ्यात मला एकाच फिक्या रंगाचा पराग दिसत असे, तोही मोजक्या माश्यांच्या पायांवर.

आता गोंधळ असा आहे की, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाविषयी वाचनात आले आणि त्याचा निष्कर्ष माझ्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. तेथे शहरी भागातील वसाहतींवर रोगांचा भार अधिक आढळला आणि त्यांतील कामकरी माश्या कमी जगल्या. शेजारचे लोक मोबाइलच्या मनोऱ्याकडे बोट दाखवतात, मेहुणे द्राक्षबागांच्या फवारणीकडे बोट दाखवतात, आणि पेटी देणारे मधपाळ म्हणतात की माझी देखभाल कमी पडली. पुढच्या हंगामात आणखी एक वसाहत घ्यायची आहे. ती कोठे ठेवावी आणि जागा निवडताना नेमके काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : मेढ्याचा मधपाळ (जावळी)

आपला अनुभव मला मुळीच विपरीत वाटत नाही. माशीला शहर आणि गाव हा भेद ठाऊक नसतो. तिला ठाऊक असते ते पेटीभोवतीचे एक-दीड किलोमीटरचे वर्तुळ, कारण सातेरी माशी सहसा त्यापलीकडे चाऱ्यासाठी जात नाही. दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र हिशेबाने सुमारे सात चौरस किलोमीटर, म्हणजे सतराशे एकरांहून अधिक भरते. आपल्या मेहुण्यांचा मळा दोन एकरांचा असो की दहा एकरांचा, त्यांच्या मळ्यावर त्या पेटीचे पोट कधीच अवलंबून नव्हते. आजूबाजूच्या सतराशे एकरांत काय उभे आहे हा खरा प्रश्न आहे, आणि वाळव्यात नदीकाठी त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ऊस हेच मिळते.

ऊस दिसायला कितीही हिरवागार असला तरी ते गवत आहे. त्याच्या तुऱ्याचे परागीभवन वाऱ्यावर होते आणि त्यात मकरंद नसतो. माशीच्या दृष्टीने उसाचे सलग शिवार आणि डांबरी मैदान यांत फारसा फरक नाही. पूर्वीही ऊस होताच, परंतु त्याच्या जोडीला बांधावर बाभूळ, बोर, करंज, चिंच आणि जांभूळ होते, रब्बीत करडई होती, खरिपात तीळ होता, ज्वारीचा पराग माश्या सकाळी सकाळी गोळा करीत असत. बांध आता एवढा अरुंद झाला आहे की त्यावरून माणसाला तोल सांभाळत चालावे लागते. बांधावर आणि सरीत जी एकदांडी, केना, माठ अशी तणे उगवत, ती पावसाळ्यानंतरच्या पडत्या काळात माश्यांना तगवून धरत. तणनाशकाने तीही गेली. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतही टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी पोहोचले तसतसे माळरान मोडून बागायत आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे जीवदान आहे आणि त्याविषयी कुरकुर करण्याचा मला अधिकार नाही, पण माळावरचे तरवड, बोर आणि खैर गेल्यावर माशीचे ताट रिकामे झाले हेही तितकेच खरे आहे.

विश्रामबागेत याच्या उलट स्थिती असणार. जुन्या वसाहतींच्या अंगणांत शेवगा, नारळ, आंबा, कडुनिंब, जांभूळ, रस्त्याकडेला करंज, कुंपणावर गुलाबी फुलांची मेक्सिकन वेल, गच्चीगच्चीवर तुळस आणि सब्जा, असा मिश्र चारा बारा महिने थोडाथोडा मिळत राहतो. नारळ आणि शेवगा हे दोघेच एखाद्या लहान वसाहतीला कठीण महिन्यांतून पार नेऊ शकतात. आपण पाहिलेला परागाच्या रंगांतील फरक हा या सगळ्याचा उघड पुरावा आहे. पेटीचे झाकण न उघडता आरोग्याची परीक्षा करायची असेल तर सकाळी आठच्या सुमारास दारापाशी बसून येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे पाहावे, असे आम्ही नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

मात्र यावरून गाव वाईट असा अर्थ काढू नये. आमच्या जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात जानेवारीपासून मेपर्यंत पिसा, गेळा, जांभूळ, हिरडा असा एकामागून एक फुलोरा येतो, आणि काही वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवी-व्हायटीचा हंगाम आला तर विचारायलाच नको. महाबळेश्वरला मध संचालनालय याच जंगलाच्या आधाराने उभे आहे, आणि २०२२ मध्ये मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले ते याच पट्ट्यातील आहे. तरीही हा स्वर्ग बारमाही नाही. जून ते सप्टेंबर कोसळणाऱ्या पावसात माशी दिवसेंदिवस बाहेर पडू शकत नाही, फुलात मकरंद टिकत नाही, पेटीत ओल धरते आणि साखरपाक दिला नाही तर वसाहत उपासमारीने मरते किंवा पहिली उघडीप मिळताच पळून जाते. म्हणून मी जागा निवडताना शहर की गाव असे विचारत नाही. वर्षातला कोणता महिना येथे उपाशी जाईल, असे विचारतो. आपल्या मळ्यातील वसाहत दिवाळीनंतर खचली, म्हणजे पावसाळी तणांची फुले संपल्यावर तिला पुढचा घास मिळाला नाही.

उत्तर : द्राक्षाचा मांडव (तासगाव)

मेढ्याच्या दादांचे म्हणणे पटते. परंतु मेहुण्यांनी फवारणीकडे दाखवलेले बोट अगदीच चुकीचे नाही, आणि ही गोष्ट मी स्वतः द्राक्षबागायतदार असूनही सांगत आहे.

द्राक्षाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे माशी नसली तरी आमचे काही अडत नाही. डाळिंबवाल्याला किंवा कांद्याचे बियाणे करणाऱ्याला माशी हवी असते म्हणून तो फुलोऱ्यात हात आखडतो. आटपाडीकडचे आमचे पाहुणे बहर धरला की पेट्या आणून ठेवतात आणि त्या काळात पंप हातात घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करतात. आमच्या बागेत तसा विचार करण्याचे कारणच उरत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी बाग फुलोऱ्यात येते, नेमक्या त्याच वेळी फुलकिड्यांची भीती असते, आणि त्यात अवकाळी पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने दिवसाआड, प्रसंगी रोज फवारणीचा ब्लोअर फिरवावा लागतो. माशी द्राक्षाच्या फुलावर मकरंदासाठी येत नाही, तरी परागासाठी येताना मी पाहिली आहे. याशिवाय वाऱ्याबरोबर औषधाचा फवारा शेजारच्या शेवग्यावर आणि बांधावरच्या तणांवर जातो, तेथे तर ती हमखास असते.

एक बारीकशी गोष्ट सांगतो, जी पुस्तकात सहसा नसते. माशी पाणी पिण्यासाठी कोठे बसते ते पाहावे. आमच्याकडे ती विहिरीवर जात नाही, कारण विहीर खोल आहे. ती ठिबकच्या नळीच्या गळक्या जोडावर, औषध कालवण्याच्या बॅरलखाली साचलेल्या चिखलात आणि पंप धुतलेल्या जागी बसते. ठिबकमधून खते सोडतो, कीडनाशकेही सोडतो. तेच पाणी ती पोटात भरून पेटीत नेते आणि उन्हाळ्यात पोळे गार ठेवण्यासाठी तेथे शिंपडते. माझ्या बागेत बॅरलजवळ माश्या मरून पडलेल्या दिसल्यावर मी तेथे फरशी करून घेतली आणि दूर सावलीत गोणपाट टाकलेले पाण्याचे पसरट भांडे ठेवले. माश्या तिकडे वळायला थोडे दिवस लागले, पण वळल्या.

सगळे खापर शेतकऱ्यावर फोडू नये एवढीच विनंती आहे. निर्यातीच्या बागेत मण्यातील औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो, काढणीपूर्वी किती दिवस कोणते औषध थांबवायचे हे आम्हाला तोंडपाठ असते. फुलावर बसणाऱ्या माशीसाठी मात्र अशी कोणतीही तपासणी आमच्या वाट्याला येत नाही, आणि औषधाच्या दुकानात माशीचे नाव काढले तर समोरचा माणूस चेष्टा करतो. आमच्या जवळच्या एका दुकानदाराने मला फुलोऱ्यातच मारायचे म्हणून जे औषध दिले, त्याच्या डब्यावरच्या पत्रकात ते मधमाश्यांना अतिविषारी असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले होते.

उत्तर : कीटकशास्त्र विद्यार्थिनी (कराड)

मूळ प्रश्नातील संशोधनाविषयी लिहिते, कारण त्याचा निष्कर्ष अर्धवट उचलला तर दिशाभूल होते.

नॉर्थ कॅरोलिनातील त्या अभ्यासात दाट शहरापासून ग्रामीण भागापर्यंत पसरलेल्या पाळीव आणि मोकळ्या अशा दोन्ही प्रकारच्या वसाहती तपासल्या होत्या. शहरीकरण वाढत जाईल तसे नोसेमा सेरानी हा आतड्यातील सूक्ष्म परजीवी आणि ब्लॅक क्वीन सेल विषाणू यांचा भार वाढलेला आढळला, आणि प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात ठेवलेल्या कामकरी माश्या जगण्याची शक्यता शहरी टोकाकडे तिपटीने कमी भरली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे त्या माश्या मेलिफेरा जातीच्या, म्हणजे युरोपीय होत्या, आपल्या सातेरी नव्हेत. दुसरी गोष्ट अशी की, तेथे मोजले गेले ते मुख्यतः रोगाचा भार आणि माशीचे आयुष्य. शहरात चारा कमी मिळतो असा तो निष्कर्ष नाही. शहरात चारा चांगला असू शकतो आणि त्याच वेळी रोगही अधिक असू शकतो. थोड्याच फुलांवर अनेक वसाहतींच्या माश्या पाळीपाळीने बसत असतील तर एकीचा रोग दुसरीला लागणे स्वाभाविक आहे. लंडनमध्ये हौशी लोकांनी एवढ्या पेट्या ठेवल्या की, फुलांच्या मानाने माश्या जास्त झाल्याचा इशारा तेथील क्यू उद्यानाच्या शास्त्रज्ञांना २०२० मध्ये द्यावा लागला. विश्रामबागेत आज आपली एकच पेटी असेल. उद्या प्रत्येक गच्चीवर पेटी आली तर आपल्या वसाहतीचे आजचे सुख टिकणार नाही.

आपल्या देशातील अधिक जवळचा अभ्यास बेंगळुरूचा आहे. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात टिकोमाच्या पिवळ्या फुलांवर येणाऱ्या जंगली आग्या माश्या कमी-अधिक धूळ-धुराच्या भागांतून गोळा केल्या होत्या. मध्यम आणि अधिक प्रदूषित भागांतून आणलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या २४ तासांच्या आत मेल्या, अशा भागांत फुलांवर माश्यांच्या फेऱ्याही कमी होत्या, आणि त्यांच्या शरीरावर धातूमिश्रित धूलिकण आढळले. सांगली म्हणजे बेंगळुरू नव्हे, हे उघड आहे. तरीही मिरज रस्त्याला अगदी लागून असलेली गच्ची आणि आतल्या गल्लीतील झाडांआडची गच्ची यांतून निवड करायची असेल तर दुसरीच निवडावी.

आता आपल्या मळ्यातील वसाहतीविषयी. एकाच फिक्या रंगाचा, तोही थोडा पराग, ही खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मकरंद हे माशीचे इंधन आहे, तर पराग हे तिचे प्रथिन आहे, आणि एकाच वनस्पतीच्या परागात सर्व पोषक द्रव्ये योग्य प्रमाणात क्वचितच असतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की, मिश्र पराग खाणाऱ्या माश्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) कार्य अधिक असते. माश्या पिलाव्याला देतात त्या अन्नाचे आणि मधाचे जंतूंपासून रक्षण याच विकरामुळे होते. त्यामुळे उसाच्या पट्ट्यात कुपोषित झालेल्या वसाहतीवर नंतर औषधाचा थोडासा अंश पडला, तरी निरोगी वसाहत जो आघात पचवून नेईल तो तिला पचत नाही. मेणकिडा हा तर शेवटी येणारा पाहुणा आहे. माश्यांनी पोळे पूर्ण झाकलेले असेल तर त्याची अळी तेथे टिकत नाही, त्यामुळे मेणकिड्याने वसाहत मारली असे म्हणण्यापेक्षा वसाहत खचल्यावर मेणकिडा शिरला असे म्हणणे योग्य ठरेल.

फवारणीविषयी तासगावच्या काकांनी लिहिले त्यात थोडी भर घालते. संध्याकाळी फवारणी केल्याने अंगावर पडणाऱ्या औषधापासून माशी वाचते, आणि तेवढे केले तरी पुष्कळ आहे. परंतु इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथॉक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून पराग आणि मकरंदापर्यंत पोहोचतात, त्यांना वेळ बदलून फारसा फरक पडत नाही. युरोपीय संघाने या गटातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर २०१८ मध्ये बंद केला; आपल्या बाजारात ती आजही मिळतात. शिवाय भुरीसाठी वापरली जाणारी ट्रायझोल गटातील काही बुरशीनाशके एकटी असताना माशीला फारशी बाधत नाहीत, मात्र पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाबरोबर एकाच टाकीत मिसळली तर त्या कीटकनाशकाचा विषारीपणा वाढवतात, कारण विष पचवणारी माशीची यंत्रणाच ती रोखून धरतात. दोन औषधे एकत्र कालवून एक फेरी वाचवण्याची सवय येथे महागात पडते.

पुढच्या वेळी वसाहत रोडावू लागली तर पेटीसमोरची जमीन आणि तळपाट पाहावे. दारापुढे अचानक मेलेल्या माश्यांचा सडा पडला असेल आणि अनेकींची सोंड बाहेर आलेली असेल तर विषबाधेचा संशय घ्यावा, अर्थात उपासमारीतही सोंड बाहेर दिसू शकते, म्हणून पेटीत मध शिल्लक आहे का तेही तपासावे. पोळ्यातील घराच्या मेणाच्या झाकणाआतली अळी ताठ, डोके वर केलेली आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबत असेल, तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग समजावा. १९९१-९२ च्या सुमारास याच रोगाने दक्षिण भारतातील सातेरी वसाहतींची दाणादाण उडवली होती. तेव्हा शहरी आणि ग्रामीण असा भेद त्याने ठेवला नव्हता. व्हरोआ कोळ्याचे मात्र आपल्या सातेरीला फारसे भय नाही. ती त्याची मूळ यजमान आहे, एकमेकींचे अंग साफ करून ती त्याला आवरते आणि तो बहुतेक नर माश्यांच्या पिलाव्यातच वाढतो; मेलिफेराच्या पेट्यांमध्ये त्याने जो हाहाकार केला तो येथे दिसत नाही.

मोबाइलच्या मनोऱ्याविषयी एवढेच म्हणेन की, पिलाव्यात पराग नाही, पोळ्याला जाळी आहे आणि भोवती ऊस आहे, इतके समोर दिसत असताना मनोऱ्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

पुन्हा प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेहुण्यांशी बोललो. दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा त्यांना कधी दिसला नव्हता, म्हणजे एकदम विषबाधा झाली असे वाटत नाही. उपासमारीचेच कारण अधिक जवळचे दिसते. आता गच्चीविषयी दोन शंका आहेत. एप्रिल-मेमध्ये स्लॅब इतका तापतो की दुपारी अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा वसाहत टिकेल का? आणि आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवर उन्हाळ्यात माश्यांची झुंबड असते, त्या आमच्याच असाव्यात असा शेजाऱ्यांना दाट संशय आहे.

उत्तर : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

दादा, रसवंतीच्या चरकावर माश्या दिसू लागल्या की भोवतालचा फुलोरा आटला असे खुशाल समजावे. फुले उपलब्ध असताना माशी उसाच्या रसाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. गावाकडे हेच काम गुऱ्हाळ करते. अशा रसातून पेटीत साठते त्याला मध म्हणू नये, आणि तो काढून कोणाला देऊ तर नयेच. त्याहून वाईट म्हणजे चहा-सरबताचे कागदी पेले. मदुराईच्या संशोधकांनी २०११ मध्ये लिहिले होते की, टाकून दिलेल्या पेल्यांच्या तळाशी उरलेल्या गोड थेंबांसाठी माश्या उतरतात आणि मोठ्या संख्येने त्यातच मरतात. आमच्या रस्त्यावरच्या चहावाल्यांना मी झाकणाचा डबा दिला आहे. ते तो वापरतात, कधी विसरतात.

उष्णतेची भीती खरी आहे. पिलाव्याला ३४ ते ३५ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. बाहेर चाळीस अंश असताना ते राखण्यासाठी माश्या पाणी आणतात, दारात रांगेने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, आणि हे सर्व करताना पराग-मकरंद आणायला मनुष्यबळ उरत नाही, म्हणजे माशीबळ म्हणायचे. पेटी थेट स्लॅबवर ठेवू नये. चार पायांचा घोडा करावा, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, त्याने मुंग्याही अडतात. वर पांढरा रंग दिलेले झाकण, त्यावर नारळाच्या झावळीची किंवा हिरव्या जाळीची सावली, आणि पूर्वेकडे दार एवढे केले तर साताऱ्यात भागते; सांगलीचे ऊन आमच्यापेक्षा कडक आहे, तेथे जमले तर पेटी दोन महिने जिन्याच्या छपरीत किंवा खालच्या अंगणात झाडाखाली घ्यावी.

माझ्या मते शहरातील पेटीचा खरा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे शेजाऱ्यांची भीती. सातेरी स्वभावाने शांत असते. परंतु इमारतीच्या कोपऱ्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्याचे मोठे पोळे लागते, कोणीतरी दगड मारतो, पाच-सहा जणांना चावे बसतात, आणि दुसऱ्या दिवशी कीड नियंत्रणवाल्याला बोलावून रात्रीत सगळ्या पोळ्यावर औषध मारले जाते. त्या विषाने माखलेले मध आणि मेण खाली पडते, आणि दुसऱ्या वसाहतींच्या माश्या ते लुटून घरी नेतात. आमच्या शेजारच्या इमारतीत असे झाल्यानंतर माझ्या पेटीतील माश्या आठवडाभर दारात थरथरत मरत होत्या. आग्याचे पोळे हंगामी असते, फुलोरा संपला की ती माशी आपोआप स्थलांतर करते, एवढे सोसायटीच्या सभेत समजावून सांगितले तर पुष्कळदा काम होते. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेची धूरफवारणी तिन्हीसांजेला होते, तेव्हा पेटीच्या दारावर तासभर ओले गोणपाट टाकावे. वॉर्डातील कर्मचाऱ्याला आधी सांगून ठेवले तर तो वेळ कळवतो, आमचा कळवतो.

आणि झाडे. रस्ता रुंद करताना जुना करंज किंवा जांभूळ जातो आणि त्याच्या जागी शोभेची, लवकर वाढणारी झाडे येतात. त्यात स्पॅथोडिया, म्हणजे मुले ज्याला पिचकारी म्हणतात ते झाड, आले तर मला अधिकच वाईट वाटते, कारण त्याच्या फुलात मेलेल्या लहान माश्या सापडतात. नगरसेवकांकडे अर्ज करताना करंज, बहावा, कडुनिंब, शेवगा अशी नावे लिहून द्यावीत, नुसते वृक्षारोपण करावे असे लिहू नये.

उत्तर : द्राक्षाचा मांडव (तासगाव)

सातारच्या ताईंची पाण्याची वाटी आणि सावली आमच्याकडेही तितकीच लागू आहे. मेहुण्यांना पेटी पुन्हा मळ्यातच ठेवायची असेल तर उसाच्या बांधावर शेवग्याची एक ओळ आणि घराजवळ चार गुंठ्यांत तीळ, कोथिंबीर, बडीशेप बियाण्यासाठी सोडून पाहावे. सतराशे एकरांपुढे चार गुंठे काहीच नाहीत हे मान्य, पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या उपाशी महिन्यात पेटीच्या दारासमोर फुललेली कोथिंबीर माश्या कशा पिंजून काढतात ते पाहण्यासारखे असते.

उत्तर : मेढ्याचा मधपाळ (जावळी)

आपल्याकडे आता एक पेटी गच्चीवर आहे आणि दुसरी येणार आहे, तेव्हा दोन्ही एकाच ठिकाणी न ठेवता नवी पेटी फिरती ठेवण्याचा विचार करावा. शिराळा तालुक्याचा पश्चिम भाग, चांदोलीच्या जंगलाकडचा, सांगली जिल्ह्यातच आहे आणि तेथे आमच्यासारखाच डोंगरी फुलोरा मिळतो. राखीव जंगलाबाहेर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या परड्यात डिसेंबरअखेरीस पेटी न्यावी, मेअखेर वळवाचे पाऊस सुरू झाले की परत सांगलीत आणावी. तेथला पावसाळा सातेरीला जड जातो आणि सांगलीत त्या काळात तणांची, वेलींची फुले असतात. खर्च आणि धावपळ जमत नसेल तर शहरातच ठेवावी. वाळव्याच्या त्या मळ्यात मात्र बांधावर काही फुलल्याशिवाय पुन्हा वसाहत नेऊ नये. मेहुणे रागावतील, पण त्यांना शेवग्याची रोपे भेट द्यावीत.

नवी वसाहत घेताना जुनी, काळी पडलेली पोळी सोबत घेऊ नयेत, कारण रोगाचे अंश त्यांतच साठून राहतात. घेण्यापूर्वी मधली चौकट उचलून पिलावा सलग आहे ना ते पाहावे. पेटी हलवायची ती दिवस मावळल्यावर, सर्व माश्या आत आल्यानंतर, दाराला जाळी लावून. अंतर दोन-तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल तर माश्या जुन्या जागी परततात आणि तेथे घोळका करून मरतात. नव्या ठिकाणी पेटी ठेवल्यावर थोडा वेळ तिला स्थिर होऊ द्यावे, मग जाळी काढावी आणि दारासमोर एखादी पानाची डहाळी तिरकी लावून ठेवावी, म्हणजे सकाळी बाहेर पडणारी माशी अडखळते, मागे वळून जागा नीट पाहते आणि परतीची वाट चुकत नाही.